एकही सुई न टोचलेलं वर्ष

लॉन्ड्रीतल्या बायका तिला नियमबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण इतक्या मोठ्यानं की ते तोंडावर म्हटल्यासारखंच व्हायचं. तिला राग यायचा नाही. नाव कष्टानं कमावलेलं होतं.

शहरातल्या तीन-चार इस्पितळांच्या चादरी, रुग्णांचे गाऊन, टॉवेल आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे तिथं धुवायला यायचे. लांबलचक शेड होती. एका टोकाला मळक्या कपड्यांच्या पिशव्या उतरायच्या आणि दुसऱ्या टोकानं पांढऱ्याशुभ्र घड्या गाडीत चढायच्या. मधे माणूस उभा मावेल एवढाली धुलाईची यंत्रं, ड्रायर, आणि ओली चादर एका बाजूनं गिळून दुसऱ्या बाजूनं कोरडी काढणारा रोलर. या सगळ्यातून माणसं सकाळी आली तशी संध्याकाळी धडधाकट घरी पाठवायची, हे तिचं काम. त्यासाठी नियम लिहायचे, समजावून सांगायचे, भिंतीवर लावायचे आणि ते अजून उपयोगाचे आहेत का हे अधूनमधून तपासायचं. पहिली तीन कामं ती मनापासून करायची. चौथ्याच्या बाबतीत तिचा असा समज होता, की चांगला लिहिलेला नियम आपोआप चांगला राहतो.

घरीही तिची सुटका नव्हती, किंवा खरं म्हणजे घरच्यांची नव्हती. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही, गॅसपाशी पदर मोकळा सोडायचा नाही, स्टुलावर चढताना खाली कुणीतरी उभं पाहिजे. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "दिवसभर रस्त्यावर मी बिनधास्त असतो. घरात शिरताना मात्र वेग कमी करतो."

या घरात तिची थोरली नणंद राहायला आली. नवरा गेल्यावर तिला दुसरं कुणी नव्हतं. भाऊ म्हणाला, ये, आणि ती एक बॅग घेऊन आली. नियमबाई तिला वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची. वन्सं तिला अगंच म्हणत, आणि चिडवायची लहर आली की नियमबाई. सुरुवातीचे दिवस वन्सं घरात नुसत्या बसून असत. भांडी दोनदा घासत. एकदा तर त्यांनी कॅलेंडरवरची धूळ पुसताना कॅलेंडरशीच गप्पा मारलेल्या हिनं ऐकल्या. तिनंच मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला. वन्संना सॉर्टिंगच्या टेबलावर काम मिळालं.

सॉर्टिंग म्हणजे पिशवी उघडायची आणि आतलं हातानं वेगवेगळं करायचं. चादरी इकडे, गाऊन तिकडे, रक्ताचे डाग पडलेले कपडे तिसरीकडे. सगळ्यात घाणेरडं काम, आणि सगळ्यात मजेचं टेबल. उभ्या बायका, हातात काम आणि तोंड रिकामं, मग काय विचारता! वन्संची तिथं महिनाभरात चलती झाली. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या नवऱ्याचं काय, याचा निवाडा त्याच करायच्या. घरी येताना त्यांचा आवाज बसलेला असायचा. भाऊ म्हणायचा, "ताई, तू कपडे निवडतेस की भाषणं करतेस?"

धोका एकच होता, पण मोठा. इस्पितळात नर्सला घाई असते. इंजेक्शन देऊन झालं की सुई डब्यात टाकायची ती कधी चादरीच्या चुणीत राहते, कधी गाऊनच्या खिशात. ती सुई मग सॉर्टिंगच्या टेबलावर कुणाच्या तरी बोटाला भेटते. ती कुठल्या रुग्णाची, त्याला कुठला आजार, काही कळायला मार्ग नसतो.

वन्सं येण्याआधी टेबलावर चष्मा लावणारी एक शांत बाई होती. सगळ्या तिला चष्मेवाली म्हणत. तिला एकदा अशी सुई टोचली. तेव्हा नियमबाईनं चार दिवस बसून एक नियम लिहिला. सुई टोचली की साबणानं हात धुवायचे, चोळायचं नाही, लगेच सांगायचं. रक्ताची तपासणी, औषध. आणि रक्ताचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत त्या बाईनं सॉर्टिंगला उभं राहायचं नाही. तिला पलीकडच्या स्वच्छ कपड्यांच्या घड्या घालायला बसवायचं. पगार तोच. बसायला पाठ टेकता येईल अशी गादीची खुर्ची. ती खुर्ची तिनं मॅनेजरसाहेबांशी भांडून आणवली होती. तो नियम म्हणजे तिचा जीव की प्राण होता. एवढ्या मायेनं लिहिलेला नियम आपल्या बाडात दुसरा नाही, असं तिला वाटायचं.

चष्मेवालीचा रिपोर्ट चांगला आला. नंतर काही दिवसांनी तिनं नोकरी सोडली. घरचं काही कारण असेल, म्हणून कुणी विचारलं नाही. आणि त्यानंतर वर्षभर एकाही बाईला सुई टोचली नाही.

निदान कुणी तसं सांगितलं नाही. हे 'निदान' तिच्या मनात कधी आलंच नव्हतं असं नाही. धुलाईच्या यंत्राच्या जाळीत कचरा अडकतो, तिथं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी सुया पाहिल्या होत्या. म्हणजे सुया येत होत्या, टेबलावरून पुढं जात होत्या, आणि हात मात्र सगळ्यांचे शाबूत. ती मनाशी म्हणाली, नवे हातमोजे चांगले निघाले. चांगली बातमी असली की माणूस तिला पुराव्याबद्दल फार विचारत नाही.

मग इस्पितळाची तपासणी ठरली. कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही हे त्यावर होतं. मॅनेजरसाहेबांनी शेड धुऊन काढली, भिंतीवरचे नियम नव्या कागदावर लावले, तिनं दाराजवळ लावलेला 'सुई टोचली: एकही नाही' हा फलक पुसून घेतला आणि तिला म्हणाले, "तुम्ही फक्त ते वर्ष सांगा. एकही सुई नाही! तेवढ्यावर आपलं काम झालं."

आदल्या संध्याकाळी घरी भाजी तिनंच चिरली. वन्सं कामावरून आल्या त्या सरळ अंघोळीला गेल्या आणि बाहेर येऊन ताटावर बसल्या. जेवताना हिला दिसलं, त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती.

"वन्सं, बोटाला काय झालं?"

"सुरी लागली."

"कधी?"

"मघाशी. काय सुऱ्या आहेत तुझ्या घरातल्या! भाजी म्हणून कापत नाहीत, बोट मात्र बरोब्बर कापतात."

नवरा हसला. तीही हसली. आणि हसता हसताच तिला कळलं, की वन्संनी आज सुरीला हातसुद्धा लावलेला नाही.

तिनं पुन्हा विचारलं नाही. वन्संच्या ताटात वाढलं, पाणी दिलं, उद्याच्या साडीला इस्त्री केली. पुढं कित्येक दिवस ती त्या क्षणाशी भांडायची. आपल्याला खरंच कळलं होतं का, की नंतर कळल्यावर आधी कळल्यासारखं वाटतंय? पण मनात खोटं बोलायचं तिला जमत नव्हतं. कळलं होतं. उद्याची तपासणी होऊन जाऊ दे, मग विचारू, असं तिनं ठरवलंसुद्धा नव्हतं. ठरवलं असतं तर निदान तो निर्णय म्हणता आला असता. तिनं नुसतं डोळ्यांवर कातडं ओढलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या डॉक्टरबाई आल्या. स्थूल, संथ बोलणाऱ्या, समोरच्याचं वाक्य पुरतं संपेपर्यंत थांबणाऱ्या. बरोबर दोघं कागद धरायला होते. डॉक्टरबाईंनी सगळं पाहिलं, वाचलं आणि विचारलं, "वर्षभरात सुई टोचल्याचा एकही प्रकार नाही?"

"एकही नाही," नियमबाई म्हणाली.

"कमाल आहे. आमच्याकडे शिकलेल्या नर्सना टोचतात हो."

ते कौतुक होतं की आणखी काही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मॅनेजरसाहेबांनी ते कौतुक म्हणून घेतलं आणि चहा सांगितला. नियमबाईनं मान वळवली. काचेपलीकडे सॉर्टिंगचं टेबल दिसत होतं. वन्सं पिशवी उचलत होत्या. त्यांच्या डाव्या हातात एकावर एक असे दोन हातमोजे होते.

ती चहाला थांबली नाही. टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "वन्सं, जरा आत या." धुतलेल्या चादरी ठेवायची खोली होती, तिथं त्या दोघी उभ्या राहिल्या.

"हातमोजे काढा."

"कामावर असताना काढायचे नाहीत. भिंतीवर लिहिलंय. तुझंच अक्षर आहे."

"वन्सं."

त्यांनी काढले. पट्टीखाली कापल्याची खूण नव्हती. एक बारीकसा लाल ठिपका होता.

"सुई ना?"

"सुई. काल दुपारी. गाऊनच्या खिशात होती मेली."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"तुझी आज परीक्षा होती ना?" वन्सं म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "आणि मला त्या खुर्चीवर जाऊन बसायचं नव्हतं."

तिला तेव्हा पहिलंच वाक्य ऐकू आलं. माझ्यासाठी! मला उणेपणा येऊ नये म्हणून या बाईनं एक रात्र घालवली, आणि मी त्या रात्री साडीला इस्त्री करत होते. तिनं वन्संचा हात धरला आणि तशीच ओढत मॅनेजरसाहेबांच्या खोलीत नेलं.

"डॉक्टर, मी मघाशी सांगितलं ते खरं नाही. या माझ्या नणंदबाई. यांना काल सुई टोचलीय."

"अहो बाई, हे आत्ताच..." मॅनेजरसाहेब उठले.

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "रक्त आलं होतं?"

"थेंबभर," वन्सं म्हणाल्या. "साबणानं धुतलं. चोळलं नाही. नियमात आहे तसं."

"आणि नियमातलं बाकीचं?"

"ते नाही पाळलं."

"असं. चला, माझ्या गाडीत बसा." आणि दारातून बाहेर पडताना त्या नियमबाईला म्हणाल्या, "आज आणलंत हे बरं केलंत. काल आणलं असतंत तर आणखी बरं झालं असतं. ही औषधं जितकी लवकर, तितकी चांगली."

रागावून नव्हतं म्हटलेलं. रागावून म्हटलं असतं तर तिला सोसायला सोपं गेलं असतं.

काविळीची लस लॉन्ड्रीत सगळ्यांना दिलेली होती, तेवढा एक दिलासा. बाकीच्या, म्हणजे एचआयव्हीसारख्या आजारांसाठी महिनाभर गोळ्या, आणि रक्ताची तपासणी आज, दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी. तोवर जीव टांगणीला.

गोळ्यांनी वन्संना अन्न जाईना. सकाळी मळमळायचं, दुपारी गरगरायचं. बडबडी बाई, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. नवरा एकदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "तू त्या रात्री विचारलं होतंस ना तिला?"

"विचारलं होतं."

"मग ती सुरी म्हणाली. तुझी काय चूक?"

ती ओटा पुसत राहिली. त्या रात्रीची भाजी कुणी चिरली होती, हे नवऱ्याच्या लक्षात नव्हतं, आणि तिनं ते लक्षात आणून दिलं नाही. त्या ओट्यावर डाग नव्हता तरी तिचा फडका फिरतच होता.

एका दुपारी ती वन्संना लिंबूपाणी द्यायला गेली. वन्सं उठून बसल्या, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी भाजी तू चिरली होतीस."

तिनं पायथ्याची चादर सरळ केली.

"मी मुद्दामच सुरी म्हटलं. मला वाटलं, पकडशील. तू तर स्टुलावर चढलेलं पायाच्या ठशावरून ओळखतेस."

"मला कळलं होतं, वन्सं."

"हो ना? मलाही तेच वाटलं," वन्सं म्हणाल्या आणि पेला परत दिला. "साखर कमी आहे."

एवढंच. तिला वाटलं होतं, त्या ओरडतील, निदान रडतील. ती साखर घालायला गेली आणि स्वयंपाकघरात डब्यापाशी बराच वेळ उभी राहिली.

इकडे लॉन्ड्रीत मॅनेजरसाहेबांनी आपला तोडगा काढला होता. "नियम चांगलाच होता. तुमच्या नणंदबाईंनी तो पाळला नाही. तसं त्यांच्याकडून लिहून घ्या, आपण इस्पितळाला देऊ. नातं मधे आणू नका हं."

"नातं मी मधे आणत नाहीय," ती म्हणाली. "पण नियम चांगला असता तर तो पाळायला कुणाला का नको वाटावं?"

"माणसाला सगळंच नको वाटतं. मला तर ऑफिसला यायला नको वाटतं."

ती सॉर्टिंगच्या टेबलावर गेली. विचारलं, सुई टोचली तर तुम्ही का सांगत नाही? बायकांची तोंडं एकदम बंद. एक म्हणाली, "टोचतच नाही हो." दुसरी म्हणाली, "तुमच्या नियमांमुळे." बाकीच्या हसल्या. तिला कळलं, या हसण्याच्या पलीकडे आपल्याला कुणी जाऊ देणार नाही. आणि तेव्हा तिला वन्संचं दुसरं वाक्य आठवलं: मला त्या खुर्चीवर जाऊन बसायचं नव्हतं.

ती चष्मेवालीकडे गेली. चष्मेवाली आता घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करत होती. मशीनवर कुणाचा तरी पडदा होता. तिनं नियमबाईला बसवलं, चहा ठेवला, आणि कशाला आलात हे विचारण्याआधीच म्हणाली, "तुम्ही फार चांगलं वागलात हो माझ्याशी."

"मग सोडलंत का?"

चष्मेवालीनं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि सुईत ओवता ओवता बोलत राहिली. "घड्यांच्या टेबलावर सगळ्या उभ्या राहून काम करतात. बसलेली मी एकटी. नवीन माणूस आला तरी विचारायचा, त्या बाई का बसल्यात? मग कुणीतरी कानात सांगायचं. माझ्या डब्यातलं आधी सगळ्या खायच्या, नंतर प्रत्येकीचं पोट भरलेलं. पाणी प्यायचा माझा पेला आपोआप वेगळा झाला. कुणी वाईट बोललं नाही हं. वाईट बोलल्या असत्या तर मीही दोन शब्द सुनावले असते."

"पण रिपोर्ट चांगला आला होता की."

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, रिपोर्ट चांगला आला म्हणून. तेव्हा ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं." चष्मेवाली हसली. "चहात साखर?"

खुर्ची! जिच्यासाठी ती मॅनेजरसाहेबांशी भांडली होती, ती खुर्ची रोज दाराजवळ, सगळ्यांना दिसेल अशी होती. तिच्याकडे बघून बायका काय शिकल्या? की सुई टोचली तर बोलायचं नाही. बोललं की टेबल जातं, मैत्रिणी जातात, डब्यातला वाटा जातो. त्यांनी आजाराची भीती आणि खुर्चीची भीती तोलून पाहिली आणि खुर्चीचं पारडं जड निघालं. तिनं लिहिलेल्या सगळ्यात मायाळू नियमानं वर्षभर बायकांची तोंडं शिवून टाकली होती, आणि तिनं त्या गप्प बसण्याला यश म्हटलं होतं. चष्मेवाली कामावर येत होती तेव्हा ती दिवसातून चारदा तिच्यासमोरून जायची. 'बरं आहे ना?' म्हणायची. उत्तराला थांबायची नाही.

नवा नियम लिहायला तिला पुष्कळ दिवस लागले, कारण या वेळी तो ती एकटी लिहीत नव्हती. मसुदा घेऊन ती टेबलावर जायची आणि बायकांना म्हणायची, "यातलं कुठलं तुम्ही पाळणार नाही ते सांगा." आधी कुणी बोलेना. मग वन्संच्या शेजारी उभी राहणारी जाडजूड बाई म्हणाली, "पिशवी अंगाशी धरायची नाही म्हणता, मग काय डोक्यावर घेऊ? तोंड उघडून टेबलावर पालथी करायला लावा, हात घालायलाच नको." ते नियमात गेलं. चिमटे आले. सुई सापडली की ज्या वॉर्डातून पिशवी आली तिथं त्याच दिवशी फोन करायचा, हेही गेलं. टोचली तर कामाच्या वेळातच थेट इस्पितळात, लॉन्ड्रीच्या गाडीनं. रिपोर्ट फक्त त्या बाईच्या हातात. मॅनेजरला नाही, नियमबाईलाही नाही. आणि दाराजवळचा 'एकही नाही'चा फलक काढायचा.

मॅनेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, उद्या या रोज टोचल्या म्हणून सांगतील! इस्पितळ काय म्हणेल?"

ते तिनं डॉक्टरबाईंनाच विचारून ठेवलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "खऱ्या आकड्यानं कंत्राट जात नाही. आकडा वाढला तर मला बरं वाटेल. मग निदान कुठल्या वॉर्डाला झापायचं ते मला कळेल."

राहिलं एक कलम. टोचलेल्या बाईनं काम कुठं करायचं? तिथं तिची लेखणी अडायची. शेवटी तिनं लिहिलं: तिची इच्छा असल्यास ती आपल्याच टेबलावर राहील, मात्र शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत तिची तब्येत आणि गोळ्यांचा त्रास पाहता तिला घड्यांच्या टेबलावर... आणि पुढं अशी काही वाक्यं, की वाचणाऱ्याला दम लागावा.

वन्संच्या गोळ्या संपल्या होत्या. चेहरा ओढलेला होता, पण आवाज परत आला होता. त्यांनी तो कागद घेतला, चष्मा शोधला, तो डोक्यावरच निघाला, आणि कलम दोनदा वाचलं.

"हे कुणासाठी आहे?"

"सगळ्यांसाठी."

"थापा मारू नकोस. एवढं लांबलचक वाक्य तू सगळ्यांसाठी लिहीत नाहीस. हे मला घड्यांच्या टेबलावर बसवायला लिहिलंयस."

"वन्सं, पुन्हा टोचली तर?" ती म्हणाली. "एकदा मी बघून न बघितल्यासारखं केलं. आता पुन्हा त्याच टेबलावर तुम्हाला मीच उभं करू? कुठल्या तोंडानं?"

"म्हणजे तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी खुर्चीत बसायचं." वन्सं शांतपणे म्हणाल्या. "अगं, तुझ्या घरची बाई तू खुर्चीत बसवलीस की टेबलावरची एकही तुझ्यावर विश्वास ठेवायची नाही. सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी परत उभी राहिले तर त्या बोलतील. नाहीतर पुन्हा आहेतच घरोघरच्या सुऱ्या."

तिनं पेन घेतलं. तिनं 'मात्र'पासून पुढचं सगळं खोडलं. कलम एवढंच उरलं: तिची इच्छा असल्यास ती आपल्याच टेबलावर राहील.

पुढच्या सोमवारी वन्सं सॉर्टिंगला उभ्या राहिल्या. नियमबाई काचेआडून बघत होती. त्या एक एक पिशवी पालथी करत होत्या आणि दर पिशवीला हिची नजर आधी त्यांच्या बोटांवर जात होती. दुपारी जाडजूड बाईनं न विचारता वन्संच्या डब्यात हात घातला आणि म्हणाली, "काय गं, तुझ्या भावजयीच्या हातचं मीठ अजून कमीच!" हिला ते काचेआडूनही ऐकू आलं आणि ती पटकन आत निघून गेली.

त्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात एक नवी पोर हात वर करून म्हणाली, "मला टोचली." टेबल थांबलं. पोरीचे डोळे नियमबाईकडे नव्हते, वन्संकडे होते. वन्सं म्हणाल्या, "आधी साबण. मग गाडी. जा, तुझी जागा मी धरते." मग एकीनं सांगितलं, की तिलाही टोचली होती. कधी? मागच्या थंडीत. मग दुसरीनं. त्या सगळ्यांना तपासणीला पाठवताना नियमबाईला वाटलं, तो फलक आपण भिंतीवर नाही, या बायकांच्या छातीवर ठोकला होता. त्यांचे रिपोर्ट काय आले, हे तिला कळायचं नव्हतं. तिनंच तसं लिहिलं होतं.

तीन महिने झाले तेव्हा वन्सं सकाळीच इस्पितळात गेल्या, दुपारी परतल्या आणि हातमोजे घालून टेबलावर उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरून काही कळू देतील तर त्या वन्सं कसल्या! ती चारदा काचेपाशी आली. एकदा टेबलापर्यंत जाऊन हातमोज्यांच्या खोक्याबद्दल काहीतरी विचारून परत फिरली. रिपोर्ट ज्याचा त्याचा. विचारायचं नाही. नियम स्पष्ट होता, आणि तो मोडला तर उद्या इतर बायकांचे रिपोर्टही कुणी विचारेल.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेनं, वन्सं नेहमीसारख्या अर्धं पाऊल पुढं. त्या कुणाच्या तरी जावयाबद्दल सांगत होत्या. नियमबाईला एक शब्द ऐकू येत नव्हता. ती थांबली.

"वन्सं, मी आत्ता कामावर नाहीय. मी तुमची भावजय म्हणून विचारतेय. काय आलं?"

वन्सं मागे वळल्या. "दिवसभर काचेला नाक लावून उभी होतीस. विचारायला एवढा वेळ?"

"सांगायचं नसेल तर नका सांगू. पण मी विचारल्याशिवाय घरी येणार नाही."

"चांगलं आलंय," वन्सं म्हणाल्या. "काही नाहीय मला. सुटले."

ती तिथंच, फाटकाच्या भिंतीला टेकून, तोंडावर हात घेऊन रडायला लागली. येणारेजाणारे बघत होते. वन्संनी थोडा वेळ रडू दिलं. मग डब्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

"मी सुटले गं. तू इतक्यात नाही सुटायचीस, ते मला ठाऊक आहे." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढं घातलं. "चल, भाऊ वाट बघत असेल. त्याला तू सांग."